माती न सोडणारा ठोंब

“मावशी, आपटलेत?” मोनाली मॅडम शेडच्या दारातच थांबल्या.

गुणाबाईने मान खाली घातली. बारा वाणांच्या भाताचे बारा ठोंब मातीसकट खणून आणायचे, धुवायला हात लावायचा नाही, असं तिला सकाळी दोनदा बजावलं होतं. पनवेलच्या खाडीकाठच्या त्या संशोधन केंद्राच्या शेतात मॅडम तीन वर्षं एकच गोष्ट शोधत होत्या, अर्ध्या खतावरही खाऱ्या जमिनीतून पोटभर ओढून घेईल असं मूळ. आज मुळं मोजायची होती. आणि गुणाबाईने काय करावं? लावणीच्या वेळी रोपांची मूठ पायावर आपटून चिखल झाडतात, तसे एकेक ठोंब पायावर आपटून लख्ख करून ठेवले. पन्नास पावसाळ्यांची खोड, ती सांगून थोडीच जाते. बारीक मुळं सगळी तुटून गेली होती. शेतातले उरलेले ठोंब बियाण्यासाठी राखलेले, ते उपटायची सोय नव्हती. वर्ष पाण्यात गेलं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पायरीवर बसल्या. गुणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सगळेच?”

“अकरा. बारावा मेला माती सोडीतच नाय. चारदा आपटला. तिकडं ठेवलाय बाजूला.”

मॅडम ताडकन उठल्या. कोपऱ्यातला तो चिखलाचा गोळा त्यांनी ओंजळीत उचलला आणि काचेच्या टाकीतल्या पाण्यात हळूच सोडला.

माती सावकाश तळाला बसत गेली. आतून मुळं सुटू लागली. पांढरी, दोऱ्याहून बारीक, आणि प्रत्येकावर पुन्हा लव. तळाला टेकली तरी संपेनात. गुणाबाई काचेला नाक लावून बघत राहिली. सगळा जन्म भातात गेला, पण भाताचं हे अंग तिने कधी पाहिलंच नव्हतं.

“ही लव माती धरून ठेवते,” मॅडमनी काचेवर बोट टेकवलं. “धरलेल्या मातीतलं सगळं खाते. मावशी, मी लांबी मोजणार होते. पकड बघायचं मला सुचलंच नव्हतं.”

गुणाबाईने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिने टाकीत हात घातला, मुळांना बोटं लावली आणि ओली बोटं कपाळाला टेकवली, चुकून कुणाला पाय लागला की टेकवतात तशी.

“पन्नास वरसं पायावर आपटीत आली मी याला,” ती म्हणाली.