स्टिकरवरचं कुंकू

"जुनी हार्डडिस्क गेली, आणि तिच्यात कंपनीने दिलेली दुरुस्तीची प्रतही गेली. आता नवीन डिस्कवर सिस्टिम चढवायची, तर डब्याच्या स्टिकरवरची परवान्याची पंचवीस अक्षरं लागतील," मी दुकानात आलेल्या बाईंना सांगितलं. सकाळपासून हेच तिसऱ्या माणसाला सांगत होतो. घसा सुकला होता.

बाईंचा टायपिंगचा क्लास होता. सरावाला हा एकच संगणक, आणि सोमवारी सात पोरींची परीक्षा.

मी डबा आडवा केला. स्टिकरवर कुंकवाची स्वस्तिकं होती, नऊ दसऱ्यांची, एकावर एक काढलेली. ओल्या फडक्याने हलकेच पुसलं, तर कुंकवाबरोबर अक्षरंही फडक्यावर आली.

"अहो, एवढा मोठा डबा, आणि पूजा नेमकी इथेच?"

"काळ्या डब्यावर पांढरी जागा तेवढीच होती," त्या हळूच म्हणाल्या. "कुंकू उठून दिसायचं."

'आता नवीन परवाना विकत घ्या' हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी खुर्चीत बसलो.

बाई माझ्या काउंटरवरच्या काळ्या संगणकाकडे बघत होत्या. "तुम्ही कुठे लावता?"

माझ्या डब्याचा स्टिकर भिंतीकडच्या बाजूला होता. चौदा दसऱ्यांनी लाल झालेला.