गाडी आल्याची थरथर

अंगणातल्या गाडीच्या डिकीत काळ्या पेटीचा शेवटचा स्क्रू आवळून साउंडवाला सरळ झाला. "करंट लहान बॅटरीतून घेतलाय. गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या नारिंगी तारांना बोटसुद्धा लावलेलं नाही, निर्धास्त राहा. बोला दादा, कुठलं गाणं लावू? पहिलं गाणं गिऱ्हाइकाच्या पसंतीचं."

"गाणं नको," तो म्हणाला.

"नको? अहो, कंपनीने दारांत स्पीकर म्हणून चार चिमण्या बसवून दिल्यात, म्हणून तर हा वूफरचा बैल जोडला! या गाडीला आधीच तोंड नाही. आता तरी बोलू द्या तिला."

त्याने फोनवर एक रेकॉर्डिंग लावून तो पुढे केला. साउंडवाल्याने तो कानाला लावला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे तर इंजिन आहे. डिझेलचं, तेही म्हातारं. लोक या कटकटीतून सुटायला बॅटरीची गाडी घेतात, आणि तुम्ही पैसे मोजून ती परत आणताय?"

त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

"आईला ऐकू येत नाही. पण बाबांची गाडी तिला कळायची. पायांना."

गाडी फाटकातून आत शिरली की स्वयंपाकघराची फरशी थरथरू लागे आणि आई ओट्यावर तळहात टेकवून क्षणभर थांबे. बंद करण्याआधी बाबा एकदा जोरात रेस देत. ते उतरायच्या आत घराचं दार उघडलेलं असे. गेल्या वर्षी बाबा वारले, आणि पाठोपाठ ती गाडीही विकली गेली. आता रोज संध्याकाळी, पाण्यावरून पान सरकावं तसा तो या नव्या गाडीतून अंगणात येई, आपल्याच किल्लीने दार उघडी, आणि पाठीशी अचानक उभ्या राहिलेल्या मुलाला पाहून आई दचके. परवा तिच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं होतं. दारावरच्या घंटेऐवजी लुकलुकणारा दिवा त्याने आणून पाहिला. दोन दिवसांत तिने त्यावर फडकं टाकलं. म्हणाली, "दिवा काय, कुणीही लावेल."

दार आपल्यासाठी आतून उघडावं, एवढंच त्याला हवं होतं. ते मात्र तो साउंडवाल्याला बोलला नाही.

साउंडवाल्याने फोन जोडला, घुंडी फिरवली. "फोनमध्ये नुसती घरघर आहे. हादरा मी वाढवतो."

गाडीच्या पोटात काहीतरी जागं झालं. रेसचा एक मोठा हुंकार, मग धडधड. खिडकीची काच कंप पावली, पायांखालची फरशी शहारली. मग धडधड हळूहळू विरत गेली, आणि संपली.

आई खिडकीशी आली. समोरच्या गाडीकडे तिने पाहिलंच नाही. ती पलीकडे, रस्त्याच्या वळणाकडे पाहत राहिली.

"कोण गेलं रे?" स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसासारखं, जरा जास्तच मोठ्याने तिने विचारलं.

कुणी नाही, अशी त्याने मान हलवली. ती आत वळली.

"ही तर जातेय, दादा," साउंडवाला म्हणाला. मघाची थट्टा त्याच्या आवाजातून पार उतरली होती. "येतानाची नाही का?"

"नाही."

नवा मालक गाडी घेऊन निघाला, तेव्हा फाटकात उभं राहून त्याने ते रेकॉर्डिंग केलं होतं. बाबा येत असताना घरात कुणीच कधी फोन हाती धरला नव्हता. रोज येणाऱ्या माणसाचं येणं कोण जपून ठेवतं?

साउंडवाला बराच वेळ फोनवर अंगठा फिरवत राहिला. "उलटी लावून बघतो. शेवटाकडून सुरुवातीकडे. कानाला लगेच कळेल की काहीतरी खोटं आहे." मग खिडकीकडे पाहून तो हळूच म्हणाला, "पण कान आपल्या दोघांचेच. तुम्ही स्टिअरिंगवर बसा."

तो बसला. प्रथम काहीच नव्हतं. मग फार दुरून, जणू वळणापलीकडून, एक थरथर निघाली. ती जवळ आली, दाट झाली, त्याच्या पाठीतून, हातांतून चढत गेली. एक हुंकार. आणि शांतता.

उतरण्यासाठी त्याने हात पुढे केला, तोच घराचं दार उघडलं.

आई उंबऱ्यात उभी होती. ओल्या हाताने घाईघाईत सारखे केलेले केस कपाळाशी चिकटले होते. लहानपणी अशा वेळी तो तिच्या मागे उभा असे. त्याला दिसे ती तिची पाठ. समोरून ती कशी दिसते, हे आज तो प्रथमच पाहत होता. तो चेहरा त्याच्यासाठी नव्हता. पण त्याला पाहून तो मावळला नाही. दूर कुठेतरी गेलेली तिची नजर सावकाश त्याच्यापर्यंत परत आली.

साउंडवाला खाली मान घालून तारांचे तुकडे गोळा करू लागला.

आई पायऱ्या उतरून डिकीपाशी आली. आतली काळी पेटी तिने पाहिली, तिच्यावर तळहात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

"रोज नको हं असा येऊस," ती म्हणाली. "सवय लागेल मला."

आणि ती आत गेली. दार मात्र तिने लोटलं नाही.