उलटी नावं

तांब्याच्या काहिलीत दूध कोमट झालं होतं आणि डेल्मो जिराउदो हातातली बाटली नाकाशी धरून हुंगत होता.

“कसलाच वास नाही,” तो म्हणाला.

“वास कशाला हवा? करडईचं बी आहे ते, पापा. वासराचा कोठा नव्हे.”

“तेच म्हणतोय मी.”

मारिसेल त्याची एकुलती एक लेक. शहरात, सांता फेला, बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दूध धरवणारा, म्हणजे चीजसाठी घट्ट गोठवणारा जो रस दूधपित्या वासराच्या कोठ्यात, जठरात असतो, तोच करडईच्या दाण्यात तयार व्हावा म्हणून ती सात वर्षं खपली होती. आज बाटली घेऊन ती थेट बापाच्या चीजघरात उभी होती. बाहेर बकाण्याच्या झाडाला कोर्बाता बांधलेला. तीन आठवड्यांचं वासरू. गळ्यावर टाय बांधल्यासारखा पांढरा पट्टा, म्हणून हे नाव. येत्या मोसमासाठी कोठा त्याचाच काढायचा होता. सुरी धार लावून खिडकीत ठेवलेली.

बापलेकीचं ठरलं होतं ते एवढंच. बाटलीने दूध धरलं, तर कोर्बाताला सोडायचं. नाही धरलं, तर मारिसेलने तोंडातून ब्र काढायचा नाही.

“ओत,” डेल्मो म्हणाला. “काट्याच्या झुडपाला दुधातलं काय कळतं, बघूच.”

तिने मोजून ओतलं. त्याने लाकडी पळीने दूध ढवळलं आणि पळी उभी धरून त्याचं फिरणं थांबवलं. त्याचा बाप थांबवायचा, तसंच.

मग पाऊण तास नुसती वाट बघायची. डेल्मो येर्बाचा कडू काढा नळीने ओढत बसला. समोर भिंतीवर साच्यांची जुनी लाकडी झाकणं टांगलेली होती. प्रत्येक कोठ्याच्या पहिल्या ढेपेवर त्या वासराचं नाव उठवायचं, ही घराची रीत. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय! झाकणाला आतून खिळ्याने नाव कोरायचं, झाकण साच्यावर ठेवून वर दगड चढवायचा, की नाव चीजवर उमटतं. पण इटलीहून बोटीने आलेल्या डेल्मोच्या आजोबांना अक्षर जेमतेमच येई. सरळ कोरलेलं उलटं उमटतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मग बापानेही तसंच कोरलं आणि डेल्मोनेही. गावाला वाटे, हीच जिराउदोंच्या चीजची खूण.

तिसरं झाकण लुसेरोचं होतं. डेल्मो तेव्हा नऊ वर्षांचा. कपाळावर चांदणी असलेलं ते वासरू त्याने दोन दिवस सूर्यफुलांच्या शेतात लपवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी लुसेरोच हंबरला. नाताळात, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, ढेप जेवणाच्या टेबलावर आली. वर नाव ‘रोसेलु’. पोराने ती उचलून आईच्या कपाटाच्या आरशासमोर नेली, नाव वाचलं आणि तिथेच रडला. मग बापाने हातावर तुकडा ठेवला, तो त्याने खाल्ला. तसं चीज त्याला पुन्हा कधी मिळालं नाही. ते इतकं चांगलं लागलं, याबद्दल त्याने बापाला कधी माफ केलं नव्हतं. आणि आज बापाचा तो खरबरीत हात, सदऱ्याला येणारा धुराचा वास, सगळं दाटून आलं.

“पापा, वेळ झाली.”

डेल्मोने बोट दुधात खुपसलं आणि हलकेच वर उचललं. पांढरं सरळ चिरलं गेलं. फटीत हिरवट निवळी साचली. बोट स्वच्छ बाहेर आलं. त्याला पटेना. त्याने दुसऱ्या कडेला बोट घालून बघितलं. तिथेही तसंच.

“धरलंय,” तो कुरकुरला.

मारिसेलने नाक ओढलं.

चिरून, गाळून, साच्यात भरेपर्यंत दुपार झाली. डेल्मोने एक नवं झाकण मांडीवर घेतलं, खिळा उचलला.

“हां, बोल. ज्याच्यावरून करडईला हे शिकवलंत, त्या वासराचं नाव काय?”

“नाव?” मारिसेल गोंधळली. “आमच्याकडे वासराचं जनुक नुसतं अक्षरांत लिहिलेलं येतं, पापा. फार जुनं आहे. कुठल्या देशातलं वासरू, तेही मला ठाऊक नाही.”

“सात वर्षं त्याच्या जिवावर पोट भरलंस आणि नाव नाही विचारलंस?”

ती ओशाळली. खरंच कुणी विचारलं नव्हतं.

“मग झाकण कोरंच ठेवू या?”

“जिराउदोंच्या घरात कोरी ढेप? हट्!”

तो मान खाली घालून कोरू लागला. मारिसेल जवळ येऊन बघत राहिली. म्हाताऱ्याचा खिळा उजवीकडून डावीकडे चालला होता. काही अक्षरं सोपी गेली, आरशातही ती तशीच दिसतात. एका अक्षराशी मात्र तो अडला. जीभ दातांत धरून त्याने ते हवेत दोनदा गिरवलं आणि मग लाकडावर उतरवलं.

“पापा, उलटं कोरतोयस.”

“म्हणजे चीजवर सुलट येईल.”

“पण आपली रीत...”

“ती गेलेल्यांची,” डेल्मो म्हणाला. “हा जिवंत आहे. जा, सोड त्याला.”

ती बाहेर गेली. त्याने झाकणावरचा भुसा फुंकला, झाकण साच्यावर बसवलं, वर दगड ठेवला. हात पुसले. मग खिडकीतली सुरी बाजूला सारून तो बाहेर वाकला.

“कोर्बाता!”

झाडाखालून वासराने ओ दिली.