निखाऱ्यांभोवती कितीजण?

चर्चमधली जोडप्यांची बायबल प्रश्नमंजूषा उद्यावर आली, तरी बायको योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातून हलेना. निवृत्त मुद्रितशोधक नवऱ्याचा जीव टांगणीला लागला होता. मागच्या वर्षी विजेत्यांची ढाल हिच्यामुळेच हुकली होती.

“अगं, आठवडा झाला. पुढे सरक की.”

“कशी सरकू? प्रभू स्वतः किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे भाजतोय, रात्रभर दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतोय. अर्ध्यावरून उठून जाऊ?”

“बरं, जाळ्यात मासे किती होते?”

“मोजले नाहीत.”

“एकशे त्रेपन्न. हमखास येणारा प्रश्न.” त्याने कपाळाला हात लावला. “न्याहारीला कितीजण होते, ते तरी सांग.”

“नऊ.”

“सात शिष्य आणि प्रभू, झाले आठ. नववं कोण?”

“मी.” तिने बाकावर सरकून जागा केली. “अहो, तुम्हीही टेका आता. मासे मोजत किती वेळ उभे राहणार? तो केव्हाचा तुमची वाट बघतोय.”

लाल पेन्सिल कानामागे खोचून तो बसला.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत नेमका न्याहारीला कितीजण होते, हाच प्रश्न आला. सगळ्यांच्या आधी घंटा वाजवून तो ठामपणे म्हणाला, “दहा.”

ढाल पुन्हा हुकली, या वेळी त्याच्यामुळे.