आत काम चालू आहे

घड्याळदुरुस्तीचं दुकान आवरायचं होतं. कुणाचं बिघडलेलं घड्याळ कुठल्या खणात, हे फक्त बाबांनी लिहिलेल्या प्रोग्रामला ठाऊक. काळ्या पडद्यावर कमांड टाकली, तर तो सुरूच होईना. त्यांचीच ओळ उमटली: ‘आत काम चालू आहे, थांबा.’ प्रोग्राम सुरू होताना ‘कुणीतरी वापरतंय’ अशी खूण म्हणून लॉक-फाइल बनवायचा, बंद होताना पुसायचा; ती असेपर्यंत दुसऱ्याला आत शिरता येत नसे. जुनी राहिली असेल, म्हणून मी ती पुसली. ती परत आली. उघडून पाहिली. वापरणारे: बाबा. वेळ: आत्ताची. बाबांना जाऊन महिना झाला होता. आईला हाक मारली. तिने वाचलं, कपाटातून त्यांचा चष्मा आणला, काड्या उघडून कीबोर्डजवळ ठेवला. “चष्म्याशिवाय बसलेत, वेळ लागणारच. चल, चहा घेऊ. मागे उभं राहिलेलं खपत नाही त्यांना.” परतलो तेव्हा कमांड पहिल्याच फटक्यात चालली. चष्मा मिटलेला होता, आणि सगळे खण टिकटिकत होते.