एकाच आईची जागा

माणसं आता आपली माणसं ओळखायची ती डोक्यातल्या चिपमधल्या नोंदींवरून. अपग्रेडमध्ये ‘आई’ या रकान्यात एकच नाव मावे, दुसरं आलं की सगळं अडे. साहेबांनी तगादा लावला, तशी नोंदणी केंद्रातल्या शर्वाणीने सगळ्यांच्या नोंदींत जन्मदाती तेवढी ठेवून बाकीची नावं पुसली. जागा हवी म्हणून जुनी प्रतही पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण एका म्हातारीचा हात धरून केंद्रावर आला.

“मॅडम, या आजी माझ्या घरात रडत होत्या. यांचं घर शोधून द्या ना.”

शर्वाणीने त्याची नोंद उघडली. दत्तक.

तिने ‘आई’चा रकाना पाहिला; तिथे फक्त जन्मदातीचं नाव उरलं होतं.

म्हातारी हळूच पुढे वाकली. “त्याला रागावू नका हं, बाई. उपाशीच निघालाय तो.”