मधला सूर

"लंब्या, कुणाला सांगून पटायचं नाही, पण काल मी लिफ्टच्या दोराला गंज चढताना ऐकला," उस्ताद म्हणाले.

तळघरात, लिफ्टच्या उघड्या दारापाशी दोघे बसले होते. दारापलीकडे माणूसभर खोल खड्डा. दुरुस्तीला त्यात लंबूनं उतरायचं, उस्तादांनी लिफ्टच्या टपावर बसून, बटण दाबून धरून ती बोट-बोट खाली आणायची, आणि खालून 'थांबा' आलं की बटण सोडायचं. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. गेल्या मंगळवारी मात्र लंबूला तीनदा ओरडावं लागलं. लिफ्ट थांबली ती त्याच्या खांद्यावर टेकून. खांदा अजून निळा होता.

थांबवायचं बटण खड्ड्यातही होतं. पण ते शिडीजवळ, आणि काम पलीकडच्या कोपऱ्यात.

"तंद्री लागली होती," असं उस्तादांनी तेव्हा सांगितलं होतं. कंपनीचे साहेब म्हणाले, मन शांत करा, आठ दिवसांनी बघू. मग सुनेनं त्यांच्या फोनवर ते बायनॉरल बीट्स घालून दिले, आणि कपाटात पडलेला एक जुना हेडफोन काढून दिला. आज आठ दिवस झाले होते. सकाळी साहेबांनी लंबूलाच विचारलं, "उतरशील ना त्यांच्या भरवशावर?" नाही म्हणावं तर उस्ताद उद्यापासून घरी. लंबू हो म्हणाला.

"नक्की काय होतं त्यानं?" आता त्यानं विचारलं.

"सांगतो की. डाव्या कानात एक सूर, उजव्या कानात त्याच्याहून किंचित वेगळा. दोघांचं काही केल्या जमत नाही. मग मेंदू मध्ये पडतो, आणि स्वतःचाच तिसरा सूर काढतो. घूं... घूं... घूं. बाहेर कुठे नसतोच तो. डोक्याच्या मधोमध."

"आणि तुम्हाला तो आला ऐकू?"

"आला म्हणजे? पहिल्या दिवशी म्हैस घोरावी तसा. तिसऱ्या दिवशी एवढा वाढला की सूनबाई आतून ओरडली, बाबा, आवाज कमी करा! आता डोक्यातला आवाज कमी कसा करणार? शेवटी कानटोपी घालून बसलो, तेव्हा घर झोपलं."

लंबू हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. त्यानं वर पाहिलं. लिफ्टचं काळं, ग्रीसनं माखलेलं पोट दोन मजले वर टांगलेलं होतं.

"पाचव्या दिवशी शेजारच्या इमारतीतली झुरळं भांडताना ऐकली. भांडण जागेवरून होतं. थोरल्याची बाजू खरी होती, पण बायकोपुढे बोलेना." उस्तादांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तोंड का असं करतोस रे? लिफ्ट खांद्याला लागली त्यात लिफ्टचा काय दोष, तुझी उंचीच वाह्यात. घे, तूही लाव हे. भीती शेपूट घालून पळते. फक्त सरळ घाल हां. उलटा घातला की बंद पडतो. विचित्र यंत्र आहे."

लंबूनं हेडफोन सरळ घातला. उजव्या कानात एक लांबलचक, सपाट सूर सुरू झाला. डाव्या कानात काहीच नाही. त्यानं वाट पाहिली. सूर सपाटच राहिला. मध्ये कुणी पडेना.

मग त्यानं हेडफोन काढला आणि उलटा घातला.

बंद पडला नाही. तोच सूर आता त्याच्या डाव्या कानात स्वच्छ वाजत होता.

त्यानं दोन्ही वायरींवरून बोट फिरवलं. एक कानाच्या गादीजवळच तुटलेली होती. तुटक्या तांब्याला हिरवा रंग चढला होता. आठ दिवसांत चढतो तेवढा नाही, वर्षानुवर्षांचा.

उस्तादांच्या उजव्या हाताला पाण्याचा पंप होता. तो खडखडत सुरू झाला. उस्ताद खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागले, आणि पंपाच्या वरताण आवाजात बोलत राहिले.

"आता तर असं झालंय लंब्या, तू खड्ड्यात नुसता मनात 'थांबा' म्हणालास ना, तरी मी बटण सोडीन!"

लंबू त्यांच्या उजवीकडून उठला. मागून वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर जाऊन बसला. खड्ड्यातून मारायचा तशी हाक मारावी म्हणून त्यानं छाती भरून घेतली. हाक निघाली नाही. आवाज निघाला तो साधा, रोज डबा खाताना असायचा तसा.

"उस्ताद, खोटं बोलताय तुम्ही. याची एक बाजू मेलेली आहे. तो मधला सूर तुम्ही ऐकलेलाच नाही."

उस्तादांनी गाठ करकचून ओढली. दुसरा बूट पुढे घेतला.

"आणि सहाव्या दिवशी," लंबू मघाशी बसला होता त्या रिकाम्या जागेकडे हात हलवत ते खुशीत म्हणाले, "सहाव्या दिवशी काय झालं, ऐक..."